रंग सगळ्यात शेवटी देतात, मावशी

मंगळवारी रात्री साडेदहाला मावशीचा फोन. "मन्याला सांग, ती हैदराबादची नोकरी सोड म्हणावं. भंगार विमानांना रंग फासतात म्हणे तिथे." मन्या माझा मावसभाऊ. जुनी प्रवासी विमानं मालवाहू करतात अशा हँगरमध्ये चार महिन्यांपूर्वी लागला. मी स्वतः कार्गोच्या रॅम्पवर काम करतो, म्हणून पंचायत माझ्याकडे.

फॉरवर्ड तुम्हालाही आलं असेल. वर अमेरिकेतल्या लुइव्हिलला मालवाहू विमान पडलं त्या अपघाताचा व्हिडिओ, खाली मजकूर: प्रवाशांसाठी बाद झालेली विमानं नवा रंग देऊन मालवाहू म्हणून उडवतात, रंगाखाली भेगा लपवतात, माणसं नसल्याने तपासणी होत नाही, आतलं दिसू नये म्हणून खिडक्या बुजवतात. शेवटी 'दहा जणांना पाठवा'. मावशीने अठरा जणांना पाठवलं होतं.

खिडक्यांचं आधी उरकतो. काचेच्या जागी अ‍ॅल्युमिनियमचे तुकडे बसवतात, कारण काचांचं वजन आणि देखभाल कुणाला नको असते. आणि बाहेर बघणार कोण, खोकी?

आता रंगाखालच्या भेगा. लिहिणाऱ्याने विमान म्हणजे गणपतीआधी डिस्टेंपर मारायची भिंत समजलीय. भेग शोधायला एडी करंट नावाची तपासणी असते. पेनएवढा प्रोब पत्र्यावरून फिरवतात, खाली भेग असेल तर पडद्यावरची रेघ उडी मारते. मधे रंगाचा पातळ थर असला तरी चालतं. ज्याला भेग लपवायचीय त्याला रंग मारून काहीच साधत नाही.

आणि लपवायचंच असतं तर विमान फाडलं कशाला असतं? सीट, संडास, स्वयंपाकघर, डोक्यावरचे कप्पे सगळं उपसून काढतात. मग पंखाच्या पुढे डाव्या कुशीला चांगल्या पत्र्यात भगदाड पाडतात. बोईंग ७३७-८०० ला माल चढवायचं हे दार साडेतीन मीटर रुंद आणि दोन मीटरहून उंच असतं. त्याच्याभोवतीची चौकट नव्याने मजबूत करायची, जमिनीखालचे बीम बदलायचे किंवा जाड करायचे, कॉकपिटमागे माल पुढे घुसू नये म्हणून भिंत उभी करायची, धूर ओळखणारी यंत्रणा टाकायची. तीन-चार महिने जातात. एवढ्या उघड्या सांगाड्यात गंज लपत नाही, उलट प्रवासी असताना जे दिसत नव्हतं तेही दिसतं.

रंगकामात धोका नाही असं नाही. पण तो या महाशयांना माहीतच नाही. रंगाआधी पत्र्याच्या सांध्यावरचं सीलंट (फटी बुजवणारा लेप) खरवडताना कुणी धारदार पातं वापरलं तर बारीक ओरखडा राहतो आणि हजारो उड्डाणांनी त्याची भेग होऊ शकते. बोईंग विमानांवर असे ओरखडे सापडले, मग तपासणीचे आदेश निघाले. त्यांत प्रवासी विमानंही होती, बरं का.

'तपासणी होत नाही' हे तर सरळ खोटं. पत्रा किती थकला हे वर्षांवर नाही, मुख्यतः विमान किती वेळा उडून उतरलं यावर मोजतात. अमेरिकेत २०१० साली मोठ्या विमानांच्या सांगाड्याला त्या हिशेबाने कमाल मर्यादा घालायचा नियम झाला. त्यात माल आणि माणूस असा भेद नाही.

आता लुइव्हिल. इथे मावशीचा अर्धा मुद्दा मान्य करावाच लागेल. ४ नोव्हेंबर २०२५ ला पडलेलं यूपीएस या माल वाहणाऱ्या कंपनीचं एमडी-११ जातीचं विमान खरंच जुनं प्रवासी विमान होतं. १९९१ चं, आधी थाई एअरवेजकडे, २००६ मध्ये मालवाहू झालेलं. आपल्याकडेही डीजीसीए, म्हणजे विमान वाहतुकीवर नियंत्रण ठेवणारी सरकारी संस्था, विमान आयात करताना प्रवासी विमानाला वयाची अट कडक लावते, मालवाहूला थोडी सैल. हे लपवण्यात अर्थ नाही.

पण पडलं कशाने? अमेरिकेत अपघातांचा तपास करणाऱ्या एनटीएसबी या संस्थेचा प्राथमिक अहवाल कुणीही वाचू शकतो. इंजिन पंखाला ज्या पायलॉनने टांगलेलं असतं, त्याच्या मागच्या जोडाच्या कानांमध्ये, म्हणजे जोडाच्या भोक असलेल्या धातूच्या टोकांमध्ये, थकव्याच्या भेगा सापडल्या. उड्डाण घेतानाच डावं इंजिन पायलॉनसकट निखळलं. आणि मला अस्वस्थ करणारी गोष्ट ही: विमानाची उड्डाणं झाली होती २१,०४३ आणि त्या कानांची सविस्तर तपासणी यायची होती २९ हजारांच्या पुढे. म्हणजे तपासणी चुकवली नव्हती, तिची वेळच उशिरा ठेवलेली होती. ओरडायचं तर यावर ओरडा! रंगाचा, दाराचा, खिडकीचा इथे संबंध नाही. पायलॉन प्रवासी एमडी-११ लाही तसाच होता.

'प्रवासी विमानात असं होत नाही' म्हणणाऱ्यांसाठी: २५ मे १९७९, शिकागो. डीसी-१० चं डावं इंजिन पायलॉनसकट उडतानाच गळालं, २७३ माणसं गेली. विमान जेमतेम सात वर्षांचं होतं. इंजिन काढताना-लावताना फोर्कलिफ्ट वापरायचा शॉर्टकट अंगाशी आला.

हे सगळं मी मावशीला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "ते ठीक आहे, पण मन्या रंगच देतो ना?" मन्याला विचारलं, तर त्याने फोटो पाठवला. सीट नसलेलं लांबच लांब पोट, जमिनीच्या फळ्या उचकटलेल्या, खाली बीमवर खडूने केलेल्या खुणा आणि मन्या गुडघ्यावर बसून रिव्हेटची भोकं मोजतोय. खाली लिहिलंय, "चार महिने झाले, रंगाचं शेड अजून आतून बघितलेलं नाही."