फरशीखालची ऊब आणि फरशीखालची ओल

नमस्कार काका,

'तळमजल्यावर लाकडी फरशी नको' या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. मुलाच्या म्युनिकच्या घरात फरशीखाली गरम पाण्याच्या नळ्या आहेत, वर ओकचं लाकूड आहे आणि पाच वर्षांत कुठे फट पडलेली नाही. मग बर्फाच्या देशात टिकतं ते गुहागरात का टिकू नये, असा तुमचा सवाल आहे. गार टाइल्सवर काकूंचे गुडघे धरतात, म्हणून हॉलला लाकूड घालायचं, वाटल्यास खाली हीटिंगही करून घ्यायचं तुमच्या मनात आहे. आणि मी टाइल्सवाल्यांचा धंदा चालवते, असंही तुम्ही लिहिलंत.

शेवटचा मुद्दा आधी. मी कुठल्याही दुकानाकडून कमिशन घेत नाही, कधी घेतलेलं नाही. बाकीचं सविस्तर सांगते, कारण प्रश्न काकूंच्या गुडघ्यांचा आहे.

तुमच्या मुलाचं लाकूड टिकलंय ते त्याच्या खालच्या उबेमुळे. त्या नळ्यांतून साधारण ३५ ते ४५ अंशांचं पाणी फिरतं, आणि लाकडाचा पृष्ठभाग साधारण २७ ते २९ अंशांच्या वर जाऊ द्यायचा नाही असा तिथला दंडक आहे. खोलीत २१ अंश, फरशी त्याहून गरम. हवेपेक्षा गरम असलेल्या फरशीवर हवेतलं पाणी धरत नाही. शिवाय लाकूड बसवण्याआधी खालचा काँक्रीटचा थर हीटिंग चालवूनच पुरता वाळवून घेतात. तरीसुद्धा तिथे अखंड फळीपेक्षा आडव्या-उभ्या थरांचं इंजिनिअर्ड लाकूड बरं मानतात, कारण हिवाळ्यात घरातली हवा कोरडी पडते आणि अखंड फळी आकसते. मुलाला एकदा विचारा, त्याच्याकडेही बहुधा तेच असेल. आणि उष्णता वर यायला सगळ्यात सोपी वाट तिथेही टाइल नाहीतर दगडच देतो. १० मिमी टाइल उष्णतेला जेवढी अडवते, त्याच्या आठ-दहापट १५ मिमी ओक अडवतो. लाकूड चालतं, पण मर्यादा सांभाळून.

आता आपल्याकडे या. मिरग लागला की तळमजल्याची फरशी हवेपेक्षा गार असते. हवा २८ अंश, आर्द्रता ९० टक्के धरा. फरशी २६ अंशांवर असली की तिला घाम फुटतो. ही झाली वरून येणारी ओल. जांभा तर स्पंजासारखा, जोत्यातून पाणी खालून वर खेचत राहतो. जुन्या घरांत डीपीसीचा, म्हणजे जोत्यातली ओल वर चढू न देणारा, थर क्वचितच सापडतो. जर्मनीत हिवाळ्यात लाकडात ७ टक्क्यांच्या आसपास ओलावा राहतो, आपल्याकडे जुलैत तो १७-१८ टक्क्यांकडे जातो. फळी फुगते, जागा मिळाली नाही की मधोमध उचलते.

हे मी डोळ्यांनी पाहिलंय. मालवणच्या बाजूला एका घराच्या हॉलला लॅमिनेट, म्हणजे दाबलेल्या लाकडी भुश्याच्या पट्ट्या, घातलं होतं. त्या कामावर मी होते, आणि विक्रेत्याच्या 'वॉटरप्रूफ' या शब्दावर मी विश्वास ठेवला होता. ऑगस्टमध्ये घरमालकिणीने बोलावलं. स्वयंपाकघराच्या दारापाशी प्रत्येक सांध्याच्या कडा भाजलेल्या पापडासारख्या वर आल्या होत्या, पायाच्या अंगठ्याने दाबलं की खालून पाण्याचा चप्प आवाज. पट्टी उचलली तर खालचा फोम निथळत होता आणि खाली काळी बुरशी. ती बाई काही बोलली नाही, नुसती बघत राहिली. लेख लिहिताना तीच माझ्या डोळ्यांसमोर होती.

हीटिंगचं म्हणाल तर जानेवारीतल्या पहाटेही किनाऱ्यावर पारा सहसा १५ अंशांखाली जात नाही. आणि पावसाळ्यात नुसता घाम टाळायला थोडी ऊब पुरेल, पण लाकडातला ओलावा उतरवायचा तर फरशी हवेपेक्षा गरम ठेवावी लागेल, म्हणजे २८ अंशांच्या उकाड्यात ३० अंशांची जमीन. विजेचं बिल सोडा, काकूंना तिथे बसवणार नाही.

एक गोष्ट मात्र तुमची बरोबर आहे. त्या लेखाच्या मजकुरात मी सरसकट 'कोकणात लाकूड नकोच' असं लिहून गेले, ते चूक. जुन्या घरांच्या माडीला फळ्यांचीच जमीन असते आणि ती पिढ्यान्‌पिढ्या टिकते, कारण तिच्या खालून वारा खेळतो आणि जोत्याची ओल तिथवर पोचत नाही. तुमच्या वरच्या मजल्यावर इंजिनिअर्ड लाकूड जरूर घाला, भिंतीकडेने १० ते १२ मिमी जागा सोडून. लेखात आज तशी दुरुस्ती करते.

खालच्या हॉलला मी मॅट फिनिशचा कोटा दगड घालेन. चकचकीत व्हिट्रिफाइड टाइलला घाम आला की पाय सटकतो, आणि या वयात पडणं परवडत नाही. सारवलेल्या जमिनीला घाम दिसत नाही कारण ती ओल पिते. आजीच्या माजघरात म्हणूनच पाय कोरडा राहायचा. गारठ्याचं म्हणाल तर टाइल आणि लाकूड एकाच खोलीत एकाच तापमानाला असतात. टाइल पायाची ऊब भराभर ओढून घेते, म्हणून ती गार लागते. तेव्हा काकू जिथे बसतात, उठतात, देवापुढे उभ्या राहतात, तेवढ्या जागी जाड सुती सतरंजी टाका आणि घरात वापरायच्या मऊ चपला घ्या. पावसात सतरंजी रोज उचलून वाळत टाकायची, नाहीतर तिच्याखालीच बुरशी धरेल.

काहीही मागवण्याआधी एवढं करा. हॉलच्या मध्यावर आणि बाहेरच्या भिंतीलगत फूटभर प्लास्टिकचा कागद चारी बाजूंनी टेपने घट्ट चिकटवा. एक दिवस-रात्र तसाच राहू द्या. थेंब कागदाच्या खाली जमले तर ओल जोत्यातून येतेय, वर जमले तर हवेतून. आता एकदा आणि जुलैत पुन्हा एकदा करा. कुठे काय दिसलं ते इथेच लिहा, म्हणजे जोत्याचं काय करायचं ते पुढे बोलू.