खुलासा: परवाच्या पोस्टमधली माझी चूक
‘हेल्पर टी पेशी एकदा टीएच-2 झाली की कायमची टीएच-2’ असं मी परवा लिहिलं होतं. (हेल्पर टी पेशी म्हणजे रोगप्रतिकारक यंत्रणेतल्या इतर पेशींना संदेश देणाऱ्या पेशी; टीएच-1 आणि टीएच-2 हे त्यांचे दोन प्रकार.) ते चुकीचं आहे, आणि आता माझ्याच नावानं फिरतंय. गाटा-3 हे प्रथिन इंटरल्यूकिन-4 चं (टीएच-2 पेशींच्या संदेशरेणूचं) जनुक चालू करायला मदत करतं, टी-बेट हे प्रथिन इंटरफेरॉन-गॅमाचं (टीएच-1 पेशींच्या संदेशरेणूचं), इथपर्यंत ठीक. पण 2000 साली लॉरी ग्लिमशर यांच्या प्रयोगशाळेनं टी-बेट शोधलं, तेव्हाच ते टीएच-2 पेशींत घालून पाहिलं होतं. त्या पेशी इंटरफेरॉन-गॅमा बनवू लागल्या, इंटरल्यूकिन-4 घटलं! पुढे विषाणुसंसर्ग झालेल्या उंदरांत गाटा-3 आणि टी-बेट ही दोन्ही प्रथिनं एकत्र बाळगणाऱ्या पेशीही दिसल्या. (पाठ्यपुस्तकातल्या चौकोनांवर मी जरा जास्तच विसंबलो.) जुनी पोस्ट काढली आहे, तिचे स्क्रीनशॉट कृपया पुढे पाठवू नका.