फक्त तीन ओळी

तो गोळा माझ्यासमोर टेबलावर आहे. घट्ट, गोल, देखणा. मी लोकर गुंडाळते तेव्हा गोळ्याला एका बाजूने हमखास पोट सुटतं. याला नाही. कुठूनही बघा, गोलच. रविवारपासून मी त्याच्याकडे बघते आहे आणि नेमकं कुणावर रागवायचं हे अजून ठरत नाहीये, म्हणून लिहायला बसले.

आम्ही चौघीजणी. एक मातीवाली, एक छापेवाली, एक पुस्तकं बांधणारी आणि मी लोकरवाली. एकमेकींच्या घरी पसारा करतो, एकमेकींची हत्यारं ढापतो (माझं मेण लावलेलं लिननचं सूत पुस्तकवालीकडे आहे, तिची टोची माझ्याकडे, आणि याविषयी आम्ही दोघी बोलत नाही). या वेळी तीन दिवसांसाठी हॉल घेऊन आपापलं काम मांडलं होतं. प्रदर्शन कसं असतं ते वेगळं सांगत नाही. खिळे नको तिथे असतात आणि आलेल्यांपैकी निम्म्या लोकांना बाथरूम कुठे आहे एवढंच विचारायचं असतं.

माझ्या कोपऱ्यात एक क्रोशाचं काम होतं. नाव मी दिलं नव्हतं, लोकांनी दिली. पहिल्या दिवशी ते पायपुसणं होतं. दुपारी टोपी झालं. संध्याकाळी एका छोट्या मुलीने तो कान असल्याचं जाहीर केलं, आणि खरं सांगायचं तर तीच सगळ्यांत जवळ पोचली. खरं म्हणजे ते गणित होतं. मधोमध दहा खांब (क्रोशाचा उभा टाका), मग प्रत्येक फेरीत दर तीन खांबांमागे एक वाढवायचा. एवढाच नियम. आधी वाटी होते, मग चकती, आणि मग कड जागेत मावेनाशी होते. वर उसळते, खाली वळते, झालरीवर झालर चढते. याला हायपरबोलिक पृष्ठ म्हणतात. गणितवाले त्याची कागदी मॉडेलं करायचे आणि ती हाताळता हाताळता फाटायची. शेवटी 1997 मध्ये कॉर्नेल विद्यापीठात डाइना टाइमिना या लाटव्हियन गणितज्ञ बाईंनी सरळ क्रोशाची सुई हातात घेतली आणि विणून दाखवलं. हे मी हॉलमध्ये दोनदा लोकांना सांगितलं. दोन्ही वेळा समोरच्याने बाथरूम विचारलं.

लोकरही मीच कातलेली. पेळू करून, टकळीवर. मातीवालीचं म्हणणं असं, की हातात टकळी असली तरच माझ्या तोंडाची टकळी बंद असते, म्हणून मी रोज कातावं. अठरा फेऱ्या झाल्या होत्या. एकोणिसावी करायची राहिली होती. ती नसल्याचं कुणाला कळणार नव्हतं, पण मला माहीत होतं ना. म्हणून शेवटच्या फासात एक पिन अडकवून, धाग्याचं टोक खाली सारून ठेवलं होतं. दुपारी गर्दी ओसरली की तिथेच बसून करून टाकू, असा बेत.

रविवारी दुपारी एक ओळखीच्या बाई आल्या, त्यांना पोचवायला म्हणून मी गेटपर्यंत गेले. गेटपाशी त्यांना सगळं आठवलं. पाऊण तास.

परत येते तर माझ्या कोपऱ्यात, माझ्या खुर्चीवर, एक काका बसलेले. शर्टाच्या खिशात दोन पेनं. मांडीवर रुमाल पसरलेला, आणि रुमालावर हा गोळा.

"तुमचंच का हे?" त्यांनी विचारलं.

"हो."

"बरं झालं आलात. धागा लोंबत होता."

मी कामाकडे बघितलं. सकाळी टेबलभर उसळत होतं ते आता ओंजळीत मावेल असं आक्रसून बसलं होतं. पावसात भिजलेल्या मांजरासारखं.

"किती लोंबत होता, काका?"

"एवढाच." त्यांनी वीतभर अंतर दाखवलं. "म्हटलं गुंडाळून ठेवावा. पण ओढला की येतच राहिला."

"मग थांबायचं ना?"

"अर्धवट कसं सोडणार?" काका खरोखर दुखावले. "मला अर्धवट काम चालत नाही. आणि ही तुमची पिन." त्यांनी ती खिशातून काढून, टोक बंद आहे ना बघून, माझ्या हातावर ठेवली. "आत कुठेतरी अडकली होती. तिच्यामुळेच सगळं अडत होतं. काढली तशी मोकळं झालं."

"ती मी लावली होती."

"अहो ताई, कुणाला टोचली असती म्हणजे?"

इथे जरा तांत्रिक माहिती द्यायला हवी, नाहीतर वाचणाऱ्याला पिनेचं मोल कळायचं नाही. दोन सुयांच्या विणकामात अख्खी ओळच्या ओळ सुईवर जागी असते. एखादा टाका सुटला तर खाली ओघळतो, आपण सुईने उचलून घेतो, आरडाओरडा करतो, निभावतं. क्रोशात मात्र कुठल्याही क्षणी एकच फास जिवंत असतो. बाकीचे हजारो टाके त्या एका फासाच्या भरवशावर झोपलेले. शेवटी धागा कापून त्या फासातून ओढून घेतला, की काम पक्कं. तोवर त्या फासात पिन. म्हणजे काकांनी अडथळा दूर केला नव्हता, दाराची कडी काढली होती. सुतावरून स्वर्ग गाठणारी माणसं मी पुष्कळ बघितली आहेत. माझाच स्वर्ग गुंडाळून सुतासकट माझ्या हातात देणारा हा पहिला.

"412 हात भरला," काका म्हणाले.

"काय?"

"मोजत गुंडाळला ना." त्यांनी कोपरापासून मधल्या बोटापर्यंतचं माप दाखवलं. "मध्ये एकजण बाथरूम विचारायला आला, तेव्हा दोन-तीन हात इकडे तिकडे झाले असतील. पण 410 च्या खाली नाही. ते तुम्ही लिहून ठेवा."

"काका, तुम्ही माझं काम उसवलंत."

"छे छे! उसवलं कुठे? फक्त तीन ओळी काढल्या. मोजल्यात मी. बाकीचं आहे की सगळं जागेवर."

आता हे फक्त तीन ओळींचं प्रकरण असतं तर मी सोडून दिलं असतं, निदान सोडून दिल्याचं नाटक केलं असतं. पण दर तीन खांबांमागे एक वाढत असेल तर प्रत्येक फेरी आधीच्या फेरीपेक्षा एक तृतीयांशाने मोठी होते. अठराव्या फेरीत 1,300 च्या वर खांब होते. शेवटच्या तीन फेऱ्या मिळून 3,000 हून जास्त. आणि अख्ख्या कामात होते जेमतेम 5,300. म्हणजे अठरातल्या तीन ओळी काढल्या की अर्ध्याहून अधिक काम जातं. हे मी काकांना तिथल्या तिथे, त्यांच्याच पेनाने, कॅटलॉगच्या पाठीवर मांडून दाखवलं. त्यांनी चष्मा कपाळावर नेऊन बारकाईने बघितलं. दोन ठिकाणी बेरीज तपासली.

"म्हणजे अर्ध्याच्या वर झालं म्हणता?"

"हो!"

"तरीच," ते मनगट दाबत समाधानाने म्हणाले, "हात भरून आला."

मी पाटीकडे बोट केलं. 'कृपया हात लावू नये.' काका उठले, पाटीपर्यंत गेले, वाचून परत आले. "ती मडक्यांच्या टेबलावर आहे. मडक्यांना मी हात लावलेला नाही." हे खरं होतं. पाटी मातीवालीने आणली होती आणि तिच्याच टेबलावर लावली होती. लोकरीला पाटी लागते हे माझ्याही डोक्यात आलं नव्हतं. मडकं दिसलं की माणूस आपोआप दोन्ही हात मागे बांधतो, आणि लोकर दिसली की तेच हात पुढे येतात. दाबून बघतात, हुंगतात, एका बाईंनी गालाला लावून बघितलं.

जाता जाता काकांनी सल्लाही दिला. "एवढे कष्ट कशाला? मशीनवर करून घ्यायचं." या वाक्यावर माझं एक ठरलेलं भाषण आहे. मोजे विणायचं यंत्र विल्यम ली नावाच्या माणसाने इंग्लंडात 1589 मध्येच केलं, दोन सुयांचं विणकाम तेव्हापासून यंत्रावर होतं. पण क्रोशा मात्र यंत्रांना अजून वश झालेला नाही, बाजारात जे खरं क्रोशाकाम दिसतं ते कुणाच्या तरी हातचंच असतं. काकांनी सगळं भाषण ऐकून घेतलं.

"बघा," ते म्हणाले, "मशीनलासुद्धा परवडत नाही."

आणि गेले.

आता मैत्रिणींकडे वळते, कारण काका परके होते, त्यांचं एक वेळ जाऊ दे. पुस्तकवाली समोरच्याच टेबलावर बसली होती. पूर्ण वेळ. तिने सगळं बघितलं होतं. नुसतं बघितलं नव्हतं, मोबाइलवर व्हिडिओ काढला होता.

"अगं, मला वाटलं तू ठरवून केलंयस. प्रेक्षकाने येऊन काम उसवायचं, तसलं काहीतरी."

"तसलं काहीतरी मी कधी केलंय?"

"नाही ना, म्हणूनच मला इतका आनंद झाला."

छापेवालीने गोळा हातात घेऊन फिरवून फिरवून बघितला आणि तो तसाच चौथऱ्यावर मांडून ठेवू या म्हणाली. मी नको म्हटलं. ती म्हणाली, खूप काही सांगून जातो गं तो. मी म्हटलं, मला काही सांगत नाहीये, आणि सांगायला लागला तरी मी ऐकणार नाही.

पण मला लागलं ते मातीवालीचं. मागच्या खेपेला तिची एक सुरई भट्टीत तडकली, तेव्हा आम्ही तिघी तिच्याकडे जाऊन बसलो होतो. कुणी फार बोललं नाही. भाजलेली माती पुन्हा माती होत नाही, हे सगळ्यांना कळतं. तुकडे दिसतात, हाताला लागतात. माझ्या वेळी तीच मातीवाली मला थोपटत म्हणाली, "अगं, पण तुझं गेलं काय? धागा तर अख्खा आहे!"

याला उत्तर नाही. तेव्हाही सुचलं नाही, अजूनही सुचलेलं नाही. धागा खरंच अख्खा आहे. 412 हात. गेल्या त्या नऊ संध्याकाळी, आणि त्या गुंडाळून कुणी रुमालावर ठेवल्या नाहीत. फुटल्याचा आवाज झाला नाही, तुकडे पडले नाहीत, त्यामुळे दुःख करायला लागणारं साहित्यच माझ्याकडे नाही. वर पुन्हा "तुला काय, फावल्या वेळात होऊन जाईल." फावला वेळ! हा वेळ लोकांना माझ्याकडे कुठे साठवलेला दिसतो देव जाणे. मातीवाली चाकावर बसली की काम करत असते. मी टीव्हीसमोर विणत बसले की आराम करत असते.

छापेवाली समजूत घालायला म्हणून मोठमोठी नावं घेऊन आली. ॲनी अल्बर्सना 1922 मध्ये बाऊहाऊस या जर्मन कलाशाळेत गेल्यावर मागावरचं विणकाम नकोच होतं, पण बायकांना बहुतेक तिकडेच धाडत. तरी 1949 मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने त्यांचं प्रदर्शन भरवलं, विणकाम करणाऱ्या कुणा एकाचं ते तिथलं पहिलंच. मग तुला काय झालंय? मला काय झालंय ते टेबलावर होतं. त्यापेक्षा मृणालिनी मुखर्जींचं नाव निघालं तेव्हा मला जरा बरं वाटलं. त्यांनी अंबाडीसारखे जाड दोर रंगवून, हाताने गाठी मारमारून माणसापेक्षा उंच शिल्पं उभी केली. गाठी! काकांनी त्यातलं एखादं टोक ओढलं असतं तर पुढचा महिनाभर ते तिथेच बसले असते. इतकी वर्षं मी क्रोशात का घालवली, हा विचार मी त्या दिवशी पहिल्यांदा केला.

आणि गोळा घट्ट आहे. हे मघाशी मी कौतुकाने लिहिलं, पण ते कौतुक नाही. लोकर अशी ताणून गुंडाळली की तिच्यातली उसळी मरते. वर उसवलेला धागा, म्हणजे खांबाखांबाच्या वळ्या तशाच. नुसता उचलून विणायला घेता येत नाही. सगळा सोडून त्याची लडी करायची, कोमट पाण्यात बुडवून ठेवायची, हलक्या हाताने पिळून खाली थोडं वजन बांधून टांगायची. पाण्यात जास्त चोळाचोळ केली तर लोकरीच्या तंतूवरचे खवले एकमेकांत अडकतात आणि लडीचा नमदा, म्हणजे घट्ट गच्च गोळा, होतो. म्हणजे 3,000 खांब पुन्हा घालायच्या आधी एक अख्खा दिवस नुसता ही लोकर माणसात आणण्यात जाणार. हाही फावलाच.

शेवटच्या दिवशी आवराआवर करताना मातीवाली अभिप्रायाची वही मोठ्याने वाचत होती. 'सुंदर', 'अप्रतिम', 'बाथरूम स्वच्छ नाही'. मग एक बारीक, सरळ रेषेत लिहिलेला मजकूर आला. 'माती व छपाई उत्तम. पुस्तके नीटनेटकी. लोकरीचे काम अपूर्ण आहे. पूर्ण करावे.' खाली सही, तारीख आणि वेळ. हात मोजून गुंडाळणारा माणूस वेळ लिहिणारच. मातीवालीने ते पुन्हा एकदा वाचलं, आवाज काढून. सगळ्या हसल्या. मीही हसले, माझं काम उसवून वर अपूर्ण म्हणतो!

मग मी वेळ नीट बघितली. दुपारचे 3.20. पुस्तकवालीचा व्हिडिओ सुरू होतो 3.41 ला, आणि त्यात काका नुकतेच रुमाल पसरताहेत. गोळा अजून व्हायचाय. टेबलावर माझं काम अठराच्या अठरा फेऱ्यांनिशी, अगदी शाबूत दिसतंय.

एकोणिसाव्या फेरीबद्दल मी कुणालाही सांगितलं नव्हतं.