फरशी उखडली की खाली काँक्रीटची जमीन मिळत नाही

गेल्या काही आठवड्यांत एकच मजकूर मला चार-पाच ग्रुपांवर आला. सोबत एक व्हिडिओ आहे. त्यात एक माणूस लांब दांड्याच्या पटाशीने फरशी खरवडून काढतो, खालून सपाट करडी जमीन निघते, तिच्यावर मशिन फिरतं आणि शेवटी चकचकीत हॉलमध्ये सोफा ठेवलेला दिसतो. मजकूर थोडक्यात असा: प्रत्येक घरात फरशीखाली काँक्रीटची तयार जमीन असतेच, छन्नी-हातोड्याने दोन दिवसांत फरशी काढा, खालचं काँक्रीट घासून त्यावर सीलर (पृष्ठभाग बंद करणारं द्रावण) मारा, नव्या फरशीच्या पाव खर्चात काम होतं, बिल्डिंगवरचं वजन कमी होतं, आणि घर आपलं असल्यामुळे कोणाला विचारायची गरज नाही.

मी पुण्यातल्या जुन्या सोसायट्यांमध्ये दुरुस्तीच्या कामांवर देखरेख करतो. हा मजकूर वाचून कामाला लागलेल्या एका घरी मला बोलावणं आलं, म्हणून सविस्तर लिहितोय. दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, बांधकाम ऐंशीच्या दशकातलं, मालक निवृत्त काका-काकू. मी पोचलो तेव्हा हॉलच्या एका कोपऱ्यातल्या चार लाद्या निघाल्या होत्या आणि काकू त्या खड्ड्याकडे बघत खुर्चीवर बसून होत्या. "अहो, खाली तर नुसती रेतीच आहे," त्या म्हणाल्या.

त्यांचं बरोबर होतं. पहिलाच दावा तिथे संपतो.

आपल्याकडे त्या काळातल्या फ्लॅटमध्ये जमीन कशी केलेली असते? आधी आरसीसी, म्हणजे सळ्या घातलेल्या काँक्रीटचा, स्लॅब. त्यावर वाळू आणि सिमेंटचा, जुन्या कामात चुन्याचा, दीड ते अडीच इंचांचा थर. गवंडी त्याला बेड म्हणतात. त्यावर सिमेंटची पातळ रबडी ओतायची आणि मग मोझॅकची लादी बसवायची, साधारण १० इंच बाय १० इंच, पाऊण ते एक इंच जाड. बेडचं काम लादीला सगळीकडून टेकू देण्याचं आणि स्लॅबचे उंचसखल भाग झाकण्याचं. त्यात सिमेंट मुद्दाम कमी असतं. काकांच्या घरातल्या बेडचा ढेकूळ मी हातात घेऊन दाबला तर त्याची भुकटी झाली. यावर पॉलिशचं मशिन फिरवलं तर खोलीत ढिगारा होईल, जमीन होणार नाही.

मग बेडही काढून स्लॅबपर्यंत जाऊ, असं काकांचं म्हणणं होतं. आम्ही त्याच खड्ड्यात वीतभर जागा साफ करून स्लॅब उघडा केला. त्यावर चपलेचा अर्धा ठसा होता. काँक्रीट ओलं असताना कोणीतरी त्यावरून चालत गेलं होतं. शेजारी सळ्या बांधायच्या बाइंडिंग वायरचा गंजलेला तुकडा, आणि थोड्या अंतरावर खडी उघडी पडलेली. हे वाईट काम नव्हे. स्लॅब टाकताना त्याचा वरचा पृष्ठभाग मुद्दाम खरबरीत ठेवतात, कारण त्यावर बेड धरायचा असतो. स्लॅब खालून प्लास्टर होऊन दिसणार असतो, वरून तो कधीच दिसणार नसतो. त्याची लेव्हल एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत इंचभर खालीवर असणं नेहमीचं आहे.

तो सपाट करायचा म्हणजे घासायचा, आणि खरा धोका इथे आहे. आपल्या आयएस ४५६ या मानकाप्रमाणे घराच्या आतल्या स्लॅबमधल्या सळ्यांवर १५ ते २० मिलिमीटर काँक्रीटचं आवरण लागतं. बीमवरून जाताना स्लॅबच्या सळ्या वरच्या अंगाला येतात, म्हणजे उघड्या स्लॅबवर सळी सगळ्यात जवळ असते ती बीमच्या आजूबाजूला. चाळीस वर्षांपूर्वी मजुरांच्या पायाखाली दबलेल्या किंवा वर आलेल्या सळ्या धरल्या तर प्रत्यक्षात ते आवरण किती उरलंय हे तपासल्याशिवाय कोणी सांगू शकत नाही. त्यातले पाच-सहा मिलिमीटर शोभेसाठी घासून टाकणं म्हणजे सळीला गंजायला वाट करून देणं. सळी गंजली की फुगते आणि काँक्रीट फोडते. जुन्या इमारतींत छताचे पोपडे पडतात ते याच कारणाने.

तळमजल्यावर स्लॅब नसतो. तिथे मुरूम, दगडाचं सोलिंग म्हणजे दगड रचून केलेला थर, त्यावर पीसीसीचा म्हणजे सळ्या नसलेल्या साध्या काँक्रीटचा थर आणि मग बेड. हे पीसीसी कमी सिमेंटचं असतं, आणि जमिनीतली ओल त्यातून वर येते. जुन्या वाड्यांत आणि मुंबईच्या काही जुन्या चाळींत तर लाकडी तुळयांवर चुन्याचा थर आणि त्यावर शहाबादी फरशी असते. तिथे काँक्रीट शोधणाऱ्याला खालच्या बिऱ्हाडाचं छत सापडेल. आणि ज्यांनी मधल्या काळात मोझॅकवरच केमिकलने व्हिट्रिफाइड टाइल चिकटवून घेतली, त्यांना वरची टाइल काढल्यावर केमिकलने माखलेली जुनी मोझॅक मिळते.

मग व्हिडिओतल्या माणसाला तयार जमीन कशी मिळाली? तो व्हिडिओ अमेरिकेतला वाटतो. तिथे बऱ्याच घरांत जमिनीवरच काँक्रीटची सलग पाटी ओतून तिचा वरचा भाग गुळगुळीत करून घेतात आणि त्यावर पातळ व्हिनाइलच्या टाइल गोंदाने चिकटवतात. टाइल खरवडली की खाली खरोखर काँक्रीट असतं. तिथली अडचण वेगळी आहे. १९८० च्या दशकापर्यंतच्या अशा टाइलमध्ये आणि त्याखालच्या काळ्या गोंदात अ‍ॅसबेस्टॉस असू शकतं, म्हणून जुन्या घरात तपासणी केल्याशिवाय खरवडू नका असं तिथे सांगतात. म्हणजे ज्या देशातली ही युक्ती आहे, तिथेही ती इतकी बिनधास्त नाही.

दोन दिवसांत, छन्नी-हातोड्याने. १० बाय १२ ची एक खोली घेऊ, १२० चौरस फूट. लादी आणि बेड मिळून पावणेतीन इंच धरले तरी दीड टनाहून जास्त राडारोडा निघतो. तो ३०-३५ किलोच्या गोण्यांत भरला तर साधारण पन्नास गोण्या, आणि त्या दुसऱ्या मजल्यावरून खाली न्यायच्या. एका खोलीच्या. धूळ वेगळीच. वाळूत क्वार्ट्झ, म्हणजे सिलिका, असतं, आणि बेड फोडताना त्याची जी बारीक धूळ उडते ती फुप्फुसात खोल जाऊन बसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ही सिलिकाची धूळ १९९७ मध्ये माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांत घातली. काकांच्या घरी चार लाद्या काढणारा बिगारी तोंडाला नुसता रुमाल बांधून बसला होता. पाणी मारत फोडायचं, खोलीचं दार बंद ठेवायचं, काम करणाऱ्याला एन-९५ मास्क द्यायचा, यातलं एक अक्षरही त्या मजकुरात नाही. मला सगळ्यात जास्त राग याचाच येतो, कारण ती धूळ मजकूर पाठवणाऱ्याच्या छातीत जात नाही.

वजन कमी होतं, हा दावा अर्धा खरा आहे. बेड आणि लादी गेली तर स्लॅबवरचा कायमचा भार कमी होतोच. पण काम चालू असताना काय होतं ते बघा. फोडलेला माल कोपऱ्यात ढीग करून ठेवतात. टनभर माल दोन चौरस मीटर जागेत साचला तर चौरस मीटरला ५०० किलो झाले. राहत्या खोलीत माणसं आणि सामान मिळून आपल्या मानकात चौरस मीटरला २०० किलो भार धरलेला असतो. वर फरशी फोडायच्या ब्रेकर मशिनचे हादरे. खालच्या घरातल्या पंख्याच्या आणि दिव्यांच्या वायरिंगचे पाइप याच स्लॅबमधून गेलेले असतात, आणि नंतर केलेल्या नळाच्या लाइनी कित्येकदा बेडमधून.

खर्चाबद्दल बोलताना मजकूर जमिनीची उंची विसरतो. हॉल पावणेतीन इंच खाली गेला की प्रत्येक दाराखाली तेवढी फट पडते आणि भिंतीच्या पायाशी लावलेल्या पट्टीखाली, म्हणजे स्कर्टिंगखाली, उघडी भिंत दिसते. स्वयंपाकघरातही हेच केलं तर ओटा तेवढा उंच होतो. बाथरूमची जमीन खोलीपेक्षा अर्धा-एक इंच खाली ठेवलेली असते, म्हणजे पाणी बाहेर येत नाही. हॉल खाली गेला की बाथरूमच उंचावर राहतं आणि सांडलेलं पाणी हॉलमध्ये येतं. मग बाथरूमही फोडा. तिथे स्लॅब खाली घेतलेला असतो, त्यात विटांच्या तुकड्यांचा भराव आणि वॉटरप्रूफिंग असतं. ते एकदा उघडलं आणि पुन्हा नीट झालं नाही, तर खालच्या घरात गळती. या सगळ्या दुरुस्त्या धरल्यावर पाव खर्च उरत नाही.

परवानगीचं दोन ओळींत. सहकारी गृहनिर्माण सोसायटीच्या आदर्श उपविधींप्रमाणे फ्लॅटमध्ये फेरफार करण्याआधी समितीची लेखी परवानगी लागते, आणि स्लॅबला हात लागणार असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरचं मत घ्या. राडारोडा नाल्यात किंवा रस्त्याकडेला टाकायला केंद्रीय नियमांनी मनाई केली आहे. तो महापालिका सांगेल तिथेच द्यायचा असतो.

करड्या सिमेंटची जमीन कोणाला आवडत असेल तर ती आपल्याकडे नवी नाही. तिला कोबा म्हणतात. तळमजल्यावर किंवा बंगल्यात जुनं काढून पक्क्या थरावर एक भाग सिमेंट, दोन भाग वाळू, चार भाग बारीक खडी असा दीड-दोन इंचांचा कोबा करा. तडे जाऊ नयेत म्हणून काचेच्या पट्ट्या घालून चौकोन पाडा आणि किमान सात दिवस पाणी साचवून ठेवा. उन्हाळ्यात माझ्या आजोळच्या कोब्यावर आम्ही दुपारी चटई न घालता झोपायचो, इतका तो थंड आणि गुळगुळीत होता. वरच्या मजल्यावर लादी घट्ट असेल तर तिच्यावरच दोन-तीन मिलिमीटरचा मायक्रोसिमेंटचा (सिमेंटचा पातळ, सलग लेप) थर करणारे कारागीर मिळतात. आधी मात्र प्रत्येक लादी नाण्याने वाजवून बघा. पोकळ आवाज आला तर ती पुन्हा बसवल्याशिवाय वर काही करू नका.

काका-काकूंना मी वेगळंच सुचवलं. त्यांच्या मोझॅकमध्ये संगमरवराचे पांढरे आणि हिरवे तुकडे होते, वर्षानुवर्षांच्या फिनाइलने पिवळट झालेले. पॉलिशवाल्याला बोलावलं. त्याने पाणी सोडून आधी जाड, मग बारीक दगडाने तीन हात घासलं आणि शेवटी ऑक्झॅलिक पावडरने पॉलिश केलं. काढलेल्या चारपैकी एक लादी फुटली होती. तिच्या जागी कपाटाखालची एक लादी आणून बसवली आणि कपाटाखाली सिमेंट भरलं. ती लादी इतकी वर्षं उन्हात आणि पायांखाली आली नव्हती, त्यामुळे तिचा हिरवा रंग जरा गडद आहे. काकू पाहुण्यांना आता ती मुद्दाम दाखवतात.