एचआयव्हीबाधितांसाठी चार कायदेशीर सल्ले

आपण एचआयव्हीबाधित असाल आणि आपल्यालाही काही हक्क आहेत असा संशय अलीकडे येऊ लागला असेल, तर घाबरून जाऊ नये; रुग्णालयाच्या एकाच फेरीत तो पूर्ण बरा होतो. गेल्या महिन्यात हर्नियाच्या शस्त्रक्रियेसाठी गेलो असता मी हा गुण स्वतः घेतला आहे.

नोकरीपूर्वी चाचणी मागितली, तर मुकाट्याने बाही वर करावी. एचआयव्ही-एड्सविषयीच्या २०१७च्या कायद्याने अशा सक्तीला मनाई केली आहे, हे सांगून मुलाखतीचा रंग बिघडवू नये.

घरमालकाने खोली रिकामी करायला सांगितली, तर निघताना त्यांचे आभार मानावेत.

तक्रार मात्र योग्य अधिकाऱ्याकडेच करावी. वीस किंवा अधिक माणसे असलेल्या रुग्णालयाने तक्रार अधिकारी नेमलाच पाहिजे, आणि हा कायदा १० सप्टेंबर २०१८पासून लागू आहे, म्हणून मी स्वागतकक्षात त्या अधिकाऱ्याचे नाव विचारले. तेथून मला बिलांच्या खिडकीवर, तेथून नोंदणी विभागात, आणि नोंदणी विभागातून पुन्हा स्वागतकक्षात पाठवण्यात आले, जिथे कर्मचाऱ्याने माझ्या केसपेपरवर लाल शाईने गिरवलेला आजार पाहिला आणि रांगेतल्या सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारले, “तक्रार एचआयव्हीबद्दलच आहे ना?” माझ्या संमतीवाचून हे कोणाला सांगू नये, असा कायदा आहे. त्याच कायद्याने मला न्यायालयात टोपणनावाने दाद मागता येते. आता टोपणनाव कोणापासून लपवायला घ्यायचे, ते त्या रांगेलाच विचारावे लागेल.

याच कायद्याखाली राज्य सरकारने नेमायच्या लोकपालाकडेही जाता येते. त्यांनी ३० दिवसांत आणि तातडीच्या वैद्यकीय प्रसंगी शक्यतो २४ तासांत आदेश द्यायचा असतो. हर्नियाला घाई नसल्याने, शस्त्रक्रियेची तारीख तिसऱ्यांदा पुढे गेल्यावरही, मी ३० दिवसांवाल्यांत मोडतो.

हातमोजे प्रत्येक रुग्णासाठी घालायचे असतात, हे शिकूनच तुम्ही सगळे त्या खुर्च्यांवर बसला आहात ना? मग शस्त्रक्रियेच्या यादीत मला शेवटचा क्रमांक कशासाठी? ज्याला मदत मागण्यासाठी आधी चारचौघांत आपला आजार जाहीर करावा लागतो, त्याला हक्क दिले असे तुम्ही कोणत्या तोंडाने सांगता? अधिकारी नेमा, त्याचे नाव दाराशी लावा, आणि त्याआधी माझ्या केसपेपरवरची ती लाल अक्षरे खोडा.