'कंपनीचा हाय' म्हणून कट केलेला फोन

आत्ताच गावाहून लातूरला परत आले. अजून चहासुद्धा घेतला नाही, आधी हे लिहिते, नाहीतर रात्रभर डोक्यात घोळत राहील.

सकाळी औसा तालुक्यात चुलत भावाकडे गेले होते. भावजयीला सातवा महिना. ती आत चुलीपुढं भाकरी थापत होती, भाऊ बाहेर ओट्यावर. त्याचा फोन वाजला, त्यानं नंबर बघितला आणि कट केला. "कंपनीचा हाय आक्का. कालपास्नं तिसऱ्यांदा यायलाय. लोन पायजे का म्हनत असतील." थोड्या वेळानं परत वाजला तेव्हा मी त्याच्या हातातून घेतला आणि कानाला लावला. एक बाई शांतपणे सांगत होती की लोहाची गोळी चहासोबत घेऊ नका.

तो किलकारीचा फोन होता. गरोदर बायांसाठी सरकारचीच सेवा आहे, देशात 2016 पासूनची. चौथ्या महिन्यापासून बाळ वर्षाचं होईपर्यंत दर आठवड्याला एक फोन, असे 72 संदेश. वाचता येत नसलं तरी चालतं, नुसतं ऐकायचं. इतकी चांगली गोष्ट आमच्या ओट्यापर्यंत आली आणि चुलीपर्यंतचं दहा पावलांचं अंतर काही तिला ओलांडता आलं नाही.

मी फोन घेऊन आत पळाले, तोवर संदेश संपला होता. भावजयीला विचारलं, गोळ्या घेतेस का? तिनं दिवळीतून कुंकवाच्या करंड्यामागची पट्टी काढून दाखवली. दोनच गोळ्या फोडलेल्या. "मळमळतंय आक्का. आन् शी काळी व्हायली, मला भ्या वाटलं, सोडून दिल्या." कशासोबत घेत होतीस? "सकाळी च्यासंगं." लोहाच्या गोळीनं शी काळी होतेच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही, एवढं एक वाक्य तिला कुणी सांगितलं असतं तर पट्टी रिकामी झाली असती. गोळी चहासोबत नको हे सांगणारी बाई तर परत परत फोन करत होती. भावाच्या खिशात!

तिथल्या तिथं भावाला खूप बोलले. तू बाप होणार आहेस की नाही, असंही बोलले. पण गाडीत बसल्यावर वाटलं, त्याच्या एकट्याच्या अंगावर किती घालायचं? गरोदरपणाची नोंद करताना नंबर विचारला, तिनं ह्यांचा सांगितला, लिहिणाऱ्यानं लिहिला. हा फोन बाईच्या हातात पोचेल का, हे कुणाच्या मनातही आलं नाही. आपल्याकडं बाईचा नंबर म्हणजे नवऱ्याचा नंबर. आणि हाच भाऊ 2024 च्या जुलैत, लाडक्या बहिणीचे फॉर्म निघाले तेव्हा, दोन दिवस बँकेच्या रांगेत उभा राहून तिच्या खात्याला आधार जोडून आला होता. पंधराशे रुपयांसाठी जमलं ना? मग तिच्या गोळीसाठी का जमत नाही?

तिच्या हातात फोन दिला की ती रील बघत बसते, असं म्हणणारे आत्ता कमेंटमध्ये येतील. बघतात काही जणी, खरं आहे. बघू द्या. पहाटे पाचला उठून रात्री दहाला पाठ टेकवणाऱ्या बाईनं अर्धा तास काही बघितलं तर घर बुडत नाही.

शेताचंही तेच. भावाच्या फोनवर लातूरच्या आडतीतला सोयाबीनचा भाव येतो, पावसाचा अंदाज येतो, ई-पीक पाहणी, म्हणजे पेरलेल्या पिकाची सरकारी नोंद, त्याच्यावरच, आधी नुकसान झालं की 72 तासांत विम्याला कळवावं लागायचं तेही त्याच्यावरच. चार एकर, बांधाला टेकेपर्यंत सोयाबीन. आमच्या आजीच्या काळी ज्वारीत तुरीचे तास असायचे, मूग-उडीद असायचा, कडेनं अंबाडी, कारळ, तीळ. खुरपायला गेलेल्या बाया संध्याकाळी ओच्यात घोळ, पाथरी, तांदुळजा घेऊन यायच्या. आता तणनाशकाच्या एका फवारणीत ती भाजी जळून जाते. घरात खायला रेशनचे गहू-तांदूळ आणि सातव्या महिन्यातल्या बाईच्या ताटात बटाट्याचा रस्सा. मी स्वतः बघितलं आज.

परभणीच्या कृषी विद्यापीठानं आणि इक्रिसॅट या हैदराबादजवळच्या शेती संशोधन संस्थेनं मिळून 2018 साली 'परभणी शक्ती' नावाची ज्वारी दिली. नेहमीच्या ज्वारीपेक्षा लोह आणि जस्त जास्त. आपल्या मराठवाड्यातली! भावानं नाव ऐकलेलं नाही. भावजय कुठून ऐकणार? खरं तर तिलाच सांगायला हवं, कारण भाकरी तीच थापते आणि रक्तही तिचंच कमी आहे. किसान कॉल सेंटर 2004 पासून आहे, 1800-180-1551, फुकट लागतो, मराठीत बोलतात. आपल्या किती बायांनी तो कधी लावलाय? बाया शेतकरी आहेत हे आधी आपल्याच घरात कुणी धरत नाही. खुरपणं, वेचणी, काढणी तिची आणि सल्ला त्याला.

हे होत नाही असंही नाही. धाराशिव-लातूरकडं 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेच्या बायांनी दुष्काळात घरच्यांकडून अर्धा-एक एकर मागून घेतलं, त्यात भाज्या-डाळी लावल्या, आधी घरात खाल्ल्या, उरलं ते विकलं. एक एकर मागितला त्यांनी! काय पेरायचं ते त्यांनी ठरवलं. अशा बाईच्या हातात फोन द्या आणि बघा.

मोबाईलनं पोट भरत नाही हे मलाही कळतं. वाईट फोन दिला तर उलट तापच होतो. 2021 च्या ऑगस्टमध्ये राज्यभरातल्या अंगणवाडीताईंनी सरकारी फोन परत केले होते, कारण ते जुने, सतत बंद पडणारे, आणि वर ज्यात रोजची नोंद करायची ते पोषण ट्रॅकर ॲप इंग्रजीत. त्यांचं काय चुकलं? ताईंना मराठीत चालणारं यंत्र द्यायला हवं होतं, एवढं साधं कुणाला कळू नये?

भावाचा राग आता उतरलाय. घरात एकच फोन, रिचार्जचे पैसे उधारीवर, लोनवाल्यांचे फोन खरंच दिवसभर येतात. त्याला कसं कळणार की ह्यातला एक तिच्यासाठी आहे. निघताना तोच म्हणाला, म्हातारीचा बटनाचा फोन पेटीत पडलाय, त्यात सीम घालतो. मी म्हटलं, आजच घाल, आणि नोंदीतला नंबर बदलून ये.

भावजय फाटकापर्यंत आली. हळूच विचारलं, "आक्का, ती बाई परत कवा बोलंल?"