‘सूर्यमित्र भरती’चा मेसेज पुढे पाठवण्याआधी

परवा मावशीचा फोन आला. “बंटीचं काम झालं बघ, सेंट्रल गव्हर्मेंटमध्ये!” बंटी म्हणजे माझा मावसभाऊ, वायरमनचा आयटीआय केलेला. काम कसलं? सगळीकडे फिरणारा तो मेसेज: सूर्यमित्र भरती, कोणतीही पदवी चालेल, घरबसल्या 4 दिवसांचं ट्रेनिंग, लगेच कायम सरकारी नोकरी, फी फक्त 1,850. क्यूआर कोड कसा स्कॅन करायचा, एवढंच तिला विचारायचं होतं.

फीचं आधी सांगतो. सूर्यमित्र ही खरी योजना आहे, सोलर पॅनेल बसवायला शिकवणारी. 2015 मध्ये राष्ट्रीय सौर ऊर्जा संस्थेमार्फत सुरू झालेली. तिचं प्रशिक्षण मोफत, राहणं-जेवणासकट. मग हे 1,850 कोणाच्या खिशात चाललेत?

‘कोणतीही पदवी’ही थापच. दहावी आणि इलेक्ट्रिशियन, वायरमन, फिटर असा आयटीआय हवा.

पण माझं डोकं फिरलं ते ‘घरबसल्या 4 दिवसां’वर. मूळ अभ्यासक्रम 600 तासांचा, म्हणजे तीन महिने. उगाच नाही. घरातला मेन स्विच पाडला की वायर मेली, ही वायरमनची सवय. पण छतावर ऊन असेपर्यंत सोलर पॅनेल वीज सोडतच राहतं. दहा पॅनेल एका ओळीत जोडली की 400 व्होल्टच्या आसपास डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी वीज. एसीची, म्हणजे घरात येणाऱ्या विजेची, ठिणगी विझायला मदत होते, कारण तो प्रवाह सेकंदाला शंभरदा शून्यावर येतो. डीसी येत नाही. कनेक्टरची पिन वायरवर नीट दाबून बसली नाही, म्हणजे क्रिम्प झाली नाही, तर तिथेच तापतं, वितळतं, पेटतं. क्रिम्पिंगची पक्कड हातात न धरलेल्या पोराला मोबाईलवरचं सर्टिफिकेट देऊन पत्र्यावर चढवणार?

आता नोकरी. कामं आहेत, हे कबूल. 2024 मध्ये आलेल्या पीएम सूर्यघर योजनेचं लक्ष्यच 1 कोटी घरांच्या छतांवर सोलर बसवण्याचं आहे. पण ती कामं ठेकेदाराकडची, खाजगी कंपन्यांतली. आणि केंद्राच्या नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाचीच आकडेवारी बघा: 2022 अखेरपर्यंत सूर्यमित्रमधून 51 हजारांवर मुलं शिकली, काम मिळालं निम्म्याहून जरा जास्त जणांना. ‘लगेच कायम’ म्हणे!

मावशीचे पैसे वाचले. रात्री परत फोन: भिशीच्या ग्रुपवर तिनेच तो मेसेज सकाळी टाकलाय, आता डिलीट होईना.